दरीला विचारून विमान निवडावं

वणव्यावर विमान पाठवायचं म्हटलं की लोक सगळ्यात आधी विचारतात, पाणी किती नेतं? आकडे आहेतही डोळ्यांत भरणारे. कॅनडात बनलेलं सीएल-४१५ सुमारे ६,१०० लिटर पाणी उचलतं. रशियाचं बेरियेव बीई-२०० बारा हजार लिटर नेतं. डीसी-१० या मोठ्या जेट विमानाचा टँकर, म्हणजे पाणी टाकण्यासाठी बदललेलं विमान, पस्तीस हजारांच्या वर जातो, आणि २०२१ साली सेवेतून बाहेर पडलेला बोइंग ७४७ सुपरटँकर सत्तर हजारांच्याही पुढे जात असे. १९५५ साली कॅलिफोर्नियातल्या विलोज इथे जुन्या स्टीअरमन विमानात सहाशे-साडेसहाशे लिटरची टाकी बसवून या कामाला सुरुवात झाली होती. तिथून इथवरचा प्रवास मोठाच आहे.

पण सपाट मैदानावरच्या गवताला लागलेली आग आणि चाळीस अंशांच्या उतारावर दाट झाडीत धुमसणारी आग, यांना एकाच मापाने मोजता येत नाही. उतार उभा आणि रान गर्द असेल, तर टाकीचा प्रश्न मी पुष्कळ मागे ठेवतो. पहिला प्रश्न दरीचा. ती किती रुंद आहे, किती उंचीवर आहे, तिचं तोंड कुठे उघडतं आणि पाणी तिच्यापासून किती लांब आहे.

रुंदीपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिच्याकडेच होतं.

समजा, भरलेलं विमान १२० नॉट वेगाने दरीत शिरलं. ताशी सव्वादोनशे किलोमीटरला थोडं कमी. तीस अंश कलून ते वळू लागलं, तर वळणाची त्रिज्या साधारण ६७० मीटर येते. म्हणजे मागे फिरायला त्याला साडेतेराशे मीटर मोकळी रुंदी हवी. आता हीच दरी २,५०० मीटर उंचीवर उचलून ठेवा आणि दुपारचं तापमान तीस अंश धरा. तिथली हवा समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेच्या फक्त सत्तर टक्के दाट असते. विरळ हवेत पंखांना तोच भार तोलायचा, तर विमानाला अधिक वेगाने जावं लागतं. वैमानिकासमोरचा काटा १२० च दाखवतो, पण खरा वेग १४३ नॉटच्या घरात गेलेला असतो. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाने वाढते. त्यामुळे आता रुंदी लागते १,९०० मीटर. दीड किलोमीटर रुंदीच्या ज्या दरीत समुद्रसपाटीजवळ विमान आरामात फिरलं असतं, तीच दरी वर गेल्यावर सापळा ठरते.

कोणी म्हणेल, मग जास्त कलून वळावं. साठ अंश कललं की पंखांवरचा भार दुप्पट होतो आणि विमान कोसळण्याचा वेग चाळीस टक्क्यांनी वर सरकतो. पोटात काही टन पाणी, खाली शंभर मीटरवर झाडांचे शेंडे, आणि आगीने ढवळलेली हवा. अशा जागी तो मार्ग कुणालाही सुचवू नये.

म्हणून डोंगरातल्या वैमानिकांचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. दरीच्या बंद टोकाकडे, चढाच्या दिशेने जाऊन पाणी टाकायचं नाही. वरून शिरायचं, उताराबरोबर खाली येत किंवा डोंगराच्या कडेकडेने जात टाकी मोकळी करायची आणि दरीच्या उघड्या तोंडातून बाहेर पडायचं. बाहेर पडण्याची वाट आधी ठरते, पाणी कुठे पडेल हे नंतर. ज्या दरीत अशी वाट नाही, ती दरी पंखांच्या विमानाची नाहीच. जुलै २०२३ मध्ये ग्रीसच्या एव्हिया बेटावर एक सीएल-२१५ पाणी टाकून पुढे निघताना झाडाला घासलं आणि उतारावर कोसळलं. दोन्ही वैमानिक गेले. अनुभवी माणसं आणि याच कामासाठी जन्माला घातलेलं विमान असूनही डोंगराच्या कुशीत चूक पोटात घालायला जागाच नसते.

आता झाडीकडे येऊ. दाट रानात वरून टाकलेलं पाणी आधी पानांना भेटतं. बरंचसं तिथेच अडतं, आणि खाली पालापाचोळ्यात, पडलेल्या ओंडक्यांत आग तशीच राहते. सी-१३० विमानाची सुमारे ११,००० लिटरची टाकी मोकळ्या जागी साधारण ४०० मीटर लांबीचा पट्टा भिजवते. गर्द झाडीत दुप्पट जाड थर द्यावा लागला, तर तो पट्टा २०० मीटरवर येतो. कागदावरचा आकडा आणि जमिनीपर्यंत पोचलेलं पाणी यांत एवढं अंतर पडतं.

मग आणखी खाली येऊन टाकावं का? इथे मला २०१८ च्या ऑगस्टमधली एक घटना सांगायलाच हवी. कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो कॉम्प्लेक्स वणव्यात ७४७ टँकरने झाडांच्या शेंड्यांपासून जेमतेम तीस मीटरवरून आपला भार सोडला. वाटेत जमीन अचानक वर उठली होती, ते झाडीमुळे वैमानिकाच्या ध्यानात आलं नाही. उंचावरून सोडलेला द्रव पुढे जाण्याचा वेग हरवून पावसासारखा सरळ खाली येतो. इथे त्याला तेवढं अंतरच मिळालं नाही. हजारो लिटरचा लोंढा आडवा येऊन झाडांवर आदळला, २६ मीटर उंचीचा एक डग्लस फर वृक्ष उन्मळून पडला आणि खाली काम करणारा एक अग्निशामक त्यात दगावला. त्याच्या मदतीसाठी पाठवलेलं विमान होतं ते. मोठ्या टाकीची चर्चा निघाली की मला हा माणूस आठवतो. डोंगरावर जमिनीची उंची क्षणाक्षणाला बदलते, आणि विमान जितकं मोठं, तितका तो बदल झेलायला त्याला वेळ कमी मिळतो.

हेलिकॉप्टर थांबू शकतं, हा त्याचा मोठा गुण. अरुंद घळीतही ते हळूहळू जाऊन नेमक्या झाडाच्या बुंध्याशी पाणी ओतू शकतं. सावकाश, एका जागी पडलेलं पाणी पानांतून खाली पोचण्याची शक्यताही जास्त. पण पात्यांचा वारा विसरू नका. जड हेलिकॉप्टर खाली आलं की तो वारा निखारे फुलवतो, वाळून उभी असलेली झाडं पाडतो. यावर उपाय लांब दोराचा. तीस ते साठ मीटर दोराच्या टोकाला बादली लावली की हेलिकॉप्टर शेंड्यांच्या खूप वर राहतं आणि बादली झाडांच्या फटीतून खाली उतरते. याच दोरामुळे झाडांनी वेढलेल्या लहानशा डोहातूनही पाणी भरता येतं. लांब दोर हाताळणं हे वेगळं कसब आहे. हेलिकॉप्टर निवडताना ते कसब असलेला वैमानिक मिळणार की नाही, हेही त्याच कागदावर लिहिलं पाहिजे.

विरळ हवा हेलिकॉप्टरलाही सोडत नाही. जमिनीपासून उंच, एका जागी तरंगत राहणं हे त्याचं सगळ्यात कष्टाचं काम. सकाळी गारव्यात पूर्ण बादली उचलणारं यंत्र दुपारच्या उन्हात पाऊण किंवा अर्ध्या बादलीवर येतं. म्हणून कंपनीच्या पत्रकातली क्षमता मी बघत नाही. या उंचीवर, या तापमानाला, तरंगत असताना काय उचलेल, तेवढंच विचारतो. जाणते वैमानिक इंधन कमी घेऊन पाणी जास्त नेतात. पण मग इंधनाची जागा जवळ हवी. एक निर्णय दुसऱ्याला असा ओढून आणतो.

आता साधं गणित करू. १,२०० लिटरची बादली घेतलेलं मध्यम हेलिकॉप्टर, पाणी दीड-दोन किलोमीटरवर, फेरी चार मिनिटांची. तासाला पंधरा फेऱ्या, म्हणजे १८,००० लिटर. ११,००० लिटरचं मोठं विमान, तळ लांब, भरणं आणि ये-जा मिळून तासाला एक फेरी. तासाला ११,००० लिटर. लहान यंत्र पुढे गेलं. आता पाणी दहा किलोमीटर लांब आणि हजार मीटर खाली ढकला. भरलेली बादली घेऊन तेवढं चढायचं, तर फेरी वीस मिनिटांची होते आणि १८,००० चे ३,६०० लिटर होतात. यंत्र तेच, वैमानिक तोच. बदललं फक्त पाण्याचं अंतर.

म्हणूनच माझं ठाम मत आहे की पैसा थोडका असेल, तर तो मोठ्या विमानाच्या आधी पाणवठ्यांवर घालावा. घडीच्या, जमिनीवर उभारता येणाऱ्या टाक्या खिंडीत, सोंडेवर आधी नेऊन ठेवाव्यात आणि पंपाने भरत राहावं. शे-दोनशे मीटर अंतर वाचवणारी टाकीसुद्धा दिवसाअखेर किती फेऱ्या वाढवते, ते मोजून बघा. एरिक्सन एअर-क्रेनसारखं मोठं हेलिकॉप्टर सुमारे दहा हजार लिटर पाणी नळीने एका मिनिटाच्या आत, अर्धा मीटरही खोली नसलेल्या पाण्यातून ओढून घेतं. ते फार उपयोगी आहे, पण पाणी जवळ असेल तरच.

सीएल-४१५ चंही तसंच. पुरेसा लांब, मोकळा तलाव जवळ असला तर त्याच्याशी कोणी बरोबरी करू शकत नाही. पाण्यावरून धावत ते बारा सेकंदांत भरतं. पण उभ्या डोंगरांच्या मुलखात तलाव बहुधा अरुंद, कड्यांनी वेढलेला असतो. तिथून भरलेल्या पोटाने वर चढता येईल का, हे आधी नकाशावर तपासावं लागतं.

मघाशी एका ताईंनी विचारलं की लाल रंगाचा द्रव टाकतात, तो पाण्यापेक्षा चांगला नाही का? त्याचं काम निराळं आहे. त्यात अमोनियम फॉस्फेट असतं आणि पाणी उडून गेल्यावरही ते झाडोऱ्याला सहजी पेटू देत नाही. म्हणून तो आगीवर न टाकता आगीच्या वाटेत, पुढच्या धारेवर टाकतात. डोंगरात त्याची योग्य जागा म्हणजे डोंगराची माथ्यावरची धार. आग उतारावरून वर धावते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, हा वणव्यांचे अभ्यासक मॅकआर्थर यांचा ऑस्ट्रेलियातला ठोकताळा अजूनही वापरतात. धारेवर पोचली की ती मंदावते, आणि धारेवर विमानाला दोन्ही बाजूंना मोकळी हवा मिळते. तेव्हा मोठं विमान नकोच, असं मी म्हणत नाही. त्याला घळीत उतरवू नका, धारेवर ठेवा. फक्त ओढ्यांपासून हा द्रव लांब ठेवावा लागतो, माशांना तो घातक आहे. आणि वारा वीस-पंचवीस नॉटच्या पुढे गेला की द्रव असो वा पाणी, नेम राहत नाही.

आणखी एक गोष्ट राहिली, आणि ती मला सगळ्यात जवळची आहे. पाण्याने वणवा मंदावतो, विझवतात माणसं. पालापाचोळा साफ करून आगीला अडवणारा मोकळा पट्टा, म्हणजे जाळरेषा, काढणारी, ओंडके उलटून निखारे शोधणारी, वरून घरंगळत येणारी जळती लाकडं अडवणारी. जिथे रस्ता नाही, तिथे ही माणसं पायी पोचेपर्यंत एका झाडाची आग शंभर एकरांची होते. हेलिकॉप्टर त्यांना तासाभरात सोंडेवर उतरवतं, उतरायला जागा नसेल तर दोरावरून सोडतं, दुपारी पाणी आणि अवजारं पोचवतं आणि कोणी जखमी झालं तर उचलून आणतं. बादली सोडून हे सगळं करू शकणारं मध्यम हेलिकॉप्टर मला दहा हजार लिटरच्या टाकीपेक्षा आधी हवं असतं.

तेव्हा उद्या कुणी अशी एखादी दरी माझ्यापुढे ठेवली, तर माझी मागणी अशी असेल. उतार पस्तीस अंश, रान दाट, दरी दीड किलोमीटर रुंद, रस्ता नाही. आग लहान असतानाच पोचतील अशी दोन मध्यम हेलिकॉप्टरं, लांब दोरासह. पहिल्या फेरीत पाणी नको, माणसं आणि एक घडीची टाकी. वरून सगळ्यांवर नजर ठेवणारं आणि कोण कधी शिरेल, कोण कुठून निघेल हे सांगणारं एक छोटं विमान. वरच्या धारेवर लाल पट्टा ओढायला एक टँकर, तोही धुराचा थर विरून डोंगर नीट दिसू लागल्यावरच. आणि खालच्या माणसांकडे चालणारा रेडिओ, म्हणजे भार सोडण्याआधी वैमानिकाला त्यांच्याच तोंडून ऐकू येईल की ते बाजूला झाले आहेत.