काढून ठेवण्याचे दिवस

आमच्या घरात येशूच्या तसबिरीमागे झावळीचा एक लहानसा क्रूस वर्षभर खोचलेला असतो. माडाच्या कोवळ्या पातीला दोन घड्या घालून आणि मध्ये एक गाठ मारून तो केलेला असतो. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, चर्चमधून घरी येतो तेव्हा तो पिवळसर हिरवा असतो. पावसाळ्यात त्याच्या कडेला बुरशी धरते, दिवाळीपर्यंत तो तपकिरी होतो आणि माघ-फाल्गुनात नुसता हात लागला तरी त्याची पाती मोडते. मग एका रविवारी चर्चच्या दाराशी टोपली ठेवलेली दिसते, आणि घरोघरचे असे वाळलेले क्रूस त्या टोपलीत जमा होतात. ते जाळून, राख बारीक चाळून, राखेच्या बुधवारी तीच आमच्या कपाळावर लावली जाते; मातीतून आलास आणि मातीला मिळणार आहेस, याची आठवण फादर प्रत्येकाला देतात. गेल्या वर्षी ज्या पातीने राजाचे, म्हणजे येशूचे, स्वागत केले, तिचीच ही राख असते. ईस्टर म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण; त्याआधीचा उपवासकाळ या राखेपासून सुरू होतो, आणि आज मला त्याविषयीच बोलायचे आहे.

या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला विचारले होते की, ईस्टरपूर्वीच्या आठवड्यांत वसईच्या धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या समाजात, नेमके काय चालते ते सर्वांना समजेल असे सांगा. प्रश्न साधा वाटला तरी उत्तर द्यायला मला वेळ लागला, कारण नाताळात आम्ही काय करतो ते दाखवता येते. गोठा असतो, तारे असतात, कुसवार म्हणजे नाताळचा फराळ असतो. उपवासकाळात दाखवण्याजोगे फार थोडे असते. या दिवसांत चर्च एकेक गोष्ट काढून ठेवत जाते, आणि काय काढले हे ओळखणाऱ्यालाच त्याचा अर्थ लागतो. हा काळ मी आयुष्यभर जवळून पाहिला आहे, आणि तो समजून घ्यायचा तर या काढून ठेवण्याच्या क्रमाकडे पाहावे, असे माझे ठाम मत झाले आहे.

आधी दिवसांचा हिशेब सांगतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर 46 दिवस भरतात, परंतु मधले सहा रविवार पुनरुत्थानाचे म्हणून उपवासात धरत नाहीत आणि 40 उरतात. येशूने अरण्यात काढलेल्या 40 दिवसांचे ते स्मरण. ईस्टरची तारीख मात्र दरवर्षी हलते. 21 मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर, असा नियम आहे, म्हणून तो 22 मार्च ते 25 एप्रिल या दरम्यान कधीही पडू शकतो. आपल्या पंचांगाशी ताडून पाहिले तर ही पौर्णिमा बहुधा होळीची तरी असते किंवा हनुमान जयंतीची तरी. 2024 साली 24 मार्चला सकाळी आम्ही झावळ्या हातात घेऊन चर्चभोवती मिरवणुकीने फिरलो आणि त्याच संध्याकाळी शेजारच्या आळीत होळी पेटली. 2025 साली 12 एप्रिलच्या शनिवारी हनुमान जयंती झाली आणि दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार आला. झावळ्यांच्या रविवारपासून सुरू होणारा पवित्र आठवडा असा नेहमी पौर्णिमेच्या आसपास येतो, त्यामुळे समुद्राला त्या दिवसांत उधाण असते. हे पंचांग वसईच्या पाचूबंदर या कोळीवाड्यातल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. त्याला ते पाण्यावरून कळते.

आता फुलांकडे वळतो, कारण माझ्या मते वसईच्या उपवासकाळाची खरी ओळख तिथे पटते. वसईच्या वाड्यांत उन्हाळा लागला की मोगरा फुलतो, सोनचाफा असतो, आणि पहाटेच्या लोकलने या फुलांच्या करंड्या दादरच्या बाजारात जातात. कित्येक ख्रिस्ती कुटुंबांचा संसार या फुलांवर चालला आहे. नेमक्या याच दिवसांत त्यांच्या चर्चच्या वेदीवर एकही फूल नसते. चौथा रविवार, जो आनंदाचा म्हणून मानला जातो, आणि 19 मार्चचा संत जोसेफ व 25 मार्चचा देवदूताच्या निरोपाचा, असे मोजके सण सोडले तर वेदीवर फुले ठेवायची नाहीत, असा उपासनेचा नियम आहे. पहाटे चार वाजता बॅटरीच्या उजेडात कळ्या खुडून आलेली बाई सहाच्या मिस्सेला, म्हणजे वेदीवरच्या मुख्य उपासनेला, चर्चमध्ये बसते तेव्हा तिच्या बोटांना मोगऱ्याचा वास असतो आणि समोरची वेदी उघडी असते. लहानपणी मी आईला विचारले होते की, आपल्याकडे एवढी फुले असताना देवाला का नेत नाही. तिने उत्तर दिले नाही. नुसते म्हणाली, शनिवारपर्यंत थांब. तिच्या त्या शनिवारकडे मी शेवटी येणार आहे.

फुलांच्या जोडीने गाणेही जाते. मिस्सेतले 'परमेश्वराला गौरव' हे स्तोत्र थांबते, आणि 'आलेलुया' हा देवाच्या स्तुतीचा शब्द पूर्ण उपवासकाळात चर्चमध्ये उच्चारलाच जात नाही. वस्त्रे जांभळी होतात. लग्ने थांबतात, एरवी ज्या गल्लीतून ब्रास बँडचा आवाज येत असतो तिथे सहा-सात आठवडे शांतता असते आणि मग ईस्टरनंतर, विशेषतः मे महिन्यात, एकेका दिवशी दोन-दोन लग्नांना जायची वेळ येते. अनेक ठिकाणी पाचव्या रविवारपासून चर्चमधले पुतळे आणि क्रूस जांभळ्या कापडाने झाकतात. ज्या संतांकडे बघत आपण प्रार्थना करतो त्यांचे चेहरेच दिसेनासे होतात.

खाण्यापिण्याचे नियम आज पूर्वीइतके कडक नाहीत. पोप सहावे पॉल यांनी 1966 साली ते सैल केले. आता राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार, म्हणजे येशूच्या मरणाचा दिवस, हे दोनच दिवस सक्तीच्या उपवासाचे आहेत. 18 वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत तो बंधनकारक आहे, आणि त्यात एक वेळचे पूर्ण जेवण व दोन वेळा थोडेसे खाणे चालते. 14 वर्षे पूर्ण झालेल्यांनी या दोन दिवशी आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य करायचे असते. इथे मला किनाऱ्यावरच्या माणसांशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. नियमात मासळी हे मांस धरलेले नाही. युरोपातल्या ज्या गावाला समुद्र दूर होता तिथे शुक्रवारी मांस सोडणे हा त्याग होता. ज्याच्या ताटात रोज बोंबील आणि कोळंबी आहे त्याने शुक्रवारी मटण सोडून पापलेट आणले तर नियम पाळला जातो, त्याग मात्र घडत नाही. त्याग करायचा तर तो आपल्याला खरोखर आवडणाऱ्या गोष्टीचा करावा लागतो, आणि ती कोणती हे ज्याचे त्याला माहीत असते.

माझ्या आजीला हे कोणी समजावून सांगितले नव्हते. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. ती उपवासकाळात शुक्रवारी मासळीही घेत नसे. पेज आणि लोणचे एवढेच. पण मला तिचा डबा अधिक आठवतो. भात शिजवायला घेताना ती मोजलेल्या तांदळातून एक मूठ परत काढायची आणि चुलीमागच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. घरात आम्ही नऊ माणसे होतो आणि तांदूळ काही उतू जात नव्हता, म्हणजे ती मूठ कोणाच्या तरी ताटातून जात होती, बहुतेक तिच्याच. पवित्र आठवड्यात तो डबा पदराखाली घेऊन ती आमच्या आळीच्या टोकाला एका विधवेच्या घरी जायची. अंधार पडल्यावर जायची, जेणेकरून देणारीला आणि घेणारीला कोणी पाहू नये. आता धर्मग्रामातून घरोघरी दानाची पाकिटे येतात, जमलेली रक्कम धर्मप्रांतामार्फत गरजूंच्या कामाला जाते, आणि ही व्यवस्था चांगलीच आहे. तरी प्रार्थना, उपवास आणि दान या तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध आहे हे मला त्या डब्याइतके स्पष्टपणे कुठल्याही प्रवचनाने सांगितलेले नाही. उपवासात वाचलेले दुसऱ्याच्या घरी पोचले नाही तर तो उपवास घरातच राहतो.

शुक्रवारी क्रुसाची वाट असते. येशूला मरणदंड सुनावला गेला तिथपासून त्याला कबरेत ठेवले तिथपर्यंतची 14 स्थाने आहेत, आणि प्रत्येक स्थानाशी थांबून, गुडघे टेकून प्रार्थना करायची असते. चर्चच्या भिंतीवर ही स्थाने चित्रांत असतातच, परंतु आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी ही वाट आळीतूनही निघते. कोणाच्या अंगणात, कोणाच्या विहिरीजवळ, कोपऱ्यावरच्या दगडी क्रुसापाशी एकेक स्थान धरले जाते. ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलेला आहे त्या घरासमोर 13 वे स्थान आले, म्हणजे आईच्या मांडीवर मुलाचा देह ठेवल्याचे, तर तिथे प्रार्थना सांगणाऱ्याचा आवाज अडतो. असे मी एकदा नव्हे, अनेकदा ऐकले आहे. वेरोनिकेने येशूचे तोंड पुसले त्या सहाव्या स्थानाची प्रार्थना म्हणायला लहान मुली पुढे येतात. पवित्र आठवड्यापूर्वी तीन संध्याकाळी प्रवचनमाला होते, आसपासच्या धर्मग्रामांतले फादर पापनिवेदन ऐकायला येतात आणि चर्चच्या व्हरांड्यात रांगा लागतात. त्याविषयी अधिक सांगत नाही, कारण त्या रांगेत प्रत्येक जण एकटा असतो.

भाषेविषयी मात्र बोललेच पाहिजे. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज 4 डिसेंबर 1963 रोजी मंजूर केला आणि त्यानंतर मिस्सा लोकभाषेत आली. त्याआधी माझ्या वडिलांच्या पिढीने शुभ शुक्रवारचे दुःखसहन, म्हणजे येशूच्या यातना आणि मरणाचा वृत्तांत, लॅटिनमध्ये ऐकले. म्हणून मराठी त्या दुःखाला परकी होती असे मात्र नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइट संघाचे इंग्रज धर्मगुरू 1579 साली गोव्यात आले आणि त्यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली गोव्यातच रायतूर येथे छापले गेले. त्यात येशूच्या यातना आणि मरण मराठी ओवीत आहे, म्हणजे ज्या छंदात ज्ञानेश्वरी आहे त्याच छंदात. या किनाऱ्यावरच्या मराठीला ख्रिस्ताचे दुःख चारशे वर्षांपूर्वीपासून सांगता येत होते; उपासनेत तिला जागा मिळायला उशीर झाला.

आज झावळ्यांच्या रविवारी आणि शुभ शुक्रवारी दुःखसहनाचे वाचन मराठीत होते. एक जण निवेदन करतो, फादर येशूचे शब्द वाचतात, इतर पात्रांसाठी आणखी एक वाचक असतो आणि जमावाचे शब्द बाकांवर बसलेल्या सगळ्यांना म्हणायचे असतात. रोमन सुभेदार पिलात विचारतो, याचे मी काय करू, आणि आम्ही सगळे, ज्यांनी चाळीस दिवस प्रार्थना केली आहे ते, एका आवाजात म्हणतो, 'त्याला क्रुसावर खिळा.' लॅटिनमध्ये हे शब्द गाणारे गात होते आणि आपण ऐकत होतो. मातृभाषेत ते आपल्याच तोंडून बाहेर पडतात. मी दहा-बारा वर्षांचा असताना हे वाक्य म्हणायला नकार देऊन गप्प उभा राहिलो होतो. शेजारी उभे असलेले वडील हळूच म्हणाले, 'म्हण रे, आपणच होतो ते.' तेव्हा मला राग आला होता. आता माझा नातू शेजारी असतो आणि ते वाक्य येण्याआधी मीच त्याचा हात धरतो.

पवित्र गुरुवारी संध्याकाळी, येशूने शिष्यांचे धुतले तसे, फादर बारा जणांचे पाय धुतात. 2016 पासून पोप फ्रान्सिस यांच्या निर्णयाने त्यात स्त्रियांनाही घेता येते, आणि शेतात, बाजारात राबलेल्या बाईचे पाय धर्मगुरू गुडघ्यावर बसून धुतो हे दृश्य मला आवश्यक वाटते. त्या मिस्सेत 'परमेश्वराला गौरव' म्हटले जाते तेव्हा घंटा वाजतात आणि तिथेच थांबतात. त्यानंतर शनिवारच्या रात्रीपर्यंत घंटा नाही. गरज पडलीच तर लाकडी फळ्यांचा आवाज. मिस्सा संपल्यावर पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर मानलेली अभिषिक्त भाकर, बाजूच्या वेदीवर नेतात, मुख्य वेदीवरचे कापड, मेणबत्त्या, सगळे उचलले जाते. ती एरवी जिथे ठेवतात त्या मंजूषेचे दार उघडे राहते आणि आत काही नसते. मग रात्री आळीनिहाय एकेक तास वाटून घेऊन लोक जागतात; एका आळीची माणसे उठून बाहेर येतात तेव्हा दुसऱ्या आळीची चपला काढत असतात.

शुभ शुक्रवारी मिस्साच नसते. वर्षभरात त्या दिवशी आणि पवित्र शनिवारी दिवसा मिस्सा अर्पण होत नाही. फुले गेली, गाणे गेले, चेहरे गेले, घंटा गेल्या, वेदीचे कापड गेले आणि शेवटी मिस्साही गेली. दुपारी तीनच्या सुमारास लोक जमतात, चर्चमध्ये मावत नाहीत म्हणून मैदानात मांडव घातलेला असतो. वाचन होते, सर्व जगासाठी प्रार्थना होते, आणि मग रांगेने येऊन प्रत्येक जण क्रुसाचे चुंबन घेतो. म्हाताऱ्यांना खाली वाकवत नाही, तर धरणारे क्रूस थोडा वर उचलतात. परतताना कोणी मोठ्याने बोलत नाही.

शनिवारी सकाळी चर्च रिकामे असते. बाकांवरची धूळ पुसली जाते, झाकलेले पुतळे उघडले जातात, अंगणात रात्रीच्या विस्तवासाठी लाकडे रचली जातात, पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवर त्या वर्षाचे चार आकडे आहेत ना हे कोणीतरी तपासते. दुपारी ऊन उतरू लागले की वाड्यांतून बायका येतात. त्या दिवशीची मोगऱ्याची पहिली करंडी दादरला गेलेली नसते. चर्चच्या मागच्या ओट्यावर गोलात बसून त्या कळ्या ओवतात, केळीच्या सोपाचा दोरा दातात धरून गाठी मारतात, आणि वेदीच्या लांबीचा हार मोजायला एकमेकींना हाका मारतात. माझी आई त्या गोलात चाळीस वर्षे बसली. कळ्या अजून मिटलेल्या असतात. मध्यरात्रीच्या सुमारास घंटा वाजतील तोपर्यंत त्या उमलतात.