पाच न्यूटन मीटर

खोकं चांगलंच मोठं, तरी एका हाताने सहज उचललं जातं. आत फोममध्ये गुंडाळलेली सायकलची कार्बन फ्रेम, सोबत पुढच्या चाकाचा फोर्क, सीटचा दांडा म्हणजे सीटपोस्ट, आणि एका पिशवीत हेडसेटचे, म्हणजे हँडल फिरतं तिथल्या बेअरिंगचे, सुटे भाग. मधल्या मापाची चांगली कार्बन फ्रेम किलोच्या आसपास भरते. चाकं, गिअर, ब्रेक, हँडल यातलं काहीच सोबत येत नाही. ते आपण जमवायचं आणि आपणच बसवायचं.

1986 साली सायकलपटू ग्रेग लेमाँडने टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली ती कार्बनच्या फ्रेमवर. तिच्यात कार्बनच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या सांध्यांत चिकटवलेल्या होत्या. आता सांधेही कार्बनचेच असतात आणि फ्रेमचे मोठाले भाग सलग साच्यातून निघतात. शर्यतीच्या सायकलसाठी यूसीआयने, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने, 2000 सालापासून 6.8 किलोंची किमान वजनाची अट घातलेली आहे. भाग नीट निवडले तर घरी जोडलेली सायकलही त्या आकड्याच्या जवळ जाते.

पण वजनाचं कौतुक पुष्कळ झालं. या फिल्ममध्ये आपण बघणार आहोत कार्बन कुठे भक्कम असतो, कुठे हळवा असतो आणि जोडणाऱ्याच्या हातात नेमकं काय उरतं.

(दृश्य: साच्यात काळे पट्टे एकावर एक बसवणारे हात.)

कार्बनचा एक तंतू केसाहून कितीतरी बारीक, जेमतेम पाच-सात मायक्रॉनचा. असे असंख्य तंतू एकाच दिशेत मांडून, इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून त्यांचे पातळ पत्रे करतात. कारागीर हे पत्रे ठरलेल्या आकारांत कापून एकेक करून साच्यात लावतो. आजही हे काम मुख्यतः हातानेच होतं. मग साचा बंद होतो, आतून फुग्यातल्या हवेचा दाब, बाहेरून उष्णता, आणि रेझिन कडक होतं.

तंतू ज्या दिशेने गेले आहेत त्या दिशेने ओढलं, तर वजनाच्या हिशेबात कार्बनपुढे पोलाद कुठल्या कुठे राहतं. आडवा दाब आला, की भार पडतो रेझिनवर. सुतार लाकूड फोडण्याआधी रेषा बघतो, त्यातलाच हा प्रकार. म्हणून फ्रेम आखणारा काही थर नळीच्या लांबीने लावतो, काही 45 अंशांत तिरके. तिरके थर पीळ सोसतात. पॅडलचा जोर जिथे येतो तिथे, म्हणजे बॉटम ब्रॅकेटभोवती, थर वाढवतो आणि वरच्या नळीच्या मध्यावर कमी करतो. काही हलक्या फ्रेममध्ये ती नळी बोटांनी दाबली तरी किंचित लवते. त्यात दोष काही नाही, तिथे दाब येईल असं कुणी धरलेलंच नसतं. पण दुरुस्तीच्या स्टँडच्या चिमट्यात तीच नळी पकडली तर ती फुटू शकते. चिमट्यात सीटपोस्ट धरायचा, नळी कधीच नाही.

आता थेट कारखान्यातून मागवलेल्या फ्रेमबद्दल. चीन आणि तैवानमधले बरेच कारखाने स्वतःच्या साच्यातून फ्रेम काढतात आणि कुणालाही विकतात. एकाच साच्यातली फ्रेम वेगवेगळ्या नावांनी विकली जाते, किंवा नावाशिवायच. यात गैर काहीच नाही. मात्र साचा फक्त बाहेरचा आकार ठरवतो. आत किती थर, कोणत्या जातीचा कार्बन, कोणत्या कोनात, हे साचा सांगत नाही. शेजारी ठेवल्यावर हुबेहूब दिसणाऱ्या दोन फ्रेम ताकदीला अगदी वेगळ्या असू शकतात. वरची चकचकीत चौकड्यांची वीण बहुतेक वेळा शोभेची असते, तिच्यावरून ताकद कळत नाही. म्हणून विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न रंगाचा नसावा. आयएसओ 4210 या सायकलसुरक्षेच्या मानकाप्रमाणे चाचणी झाली आहे का, अहवाल दाखवाल का, हे आधी विचारावं. आणि प्रसिद्ध कंपनीचं नाव खोटं चिकटवलेली फ्रेम कितीही सुंदर दिसली तरी घेऊ नये. जो नावाबद्दल खोटं बोलतो, तो थरांबद्दल खरं बोलेल याची खात्री कोण देणार?

(दृश्य: बॅटरीचा उजेड फ्रेमच्या आत.)

फ्रेम हातात आली की जोडायची घाई करायची नाही. आधी बॅटरी घेऊन बॉटम ब्रॅकेटच्या भोकातून आत बघायचं. आतला भाग गुळगुळीत आहे का, सुरकुत्या पडल्यात का, साच्यातल्या फुग्याचे तुकडे, सुटलेले थर, रेझिनचे गोळे दिसतात का. मग एक नाणं घेऊन नळीवर हलकेच टकटक करत पुढे सरकायचं. आवाज खणखणीत येतो. जिथे थर एकमेकांपासून सुटलेत तिथे तो अचानक बद्द होतो. भिंतीची जाडी बदलली तरी आवाज बदलतो, म्हणून डाव्या नळीशी उजवी ताडून बघायची. या परीक्षेने सगळंच कळतं असं नाही, पण मोठा दोष सहसा लपत नाही.

पुढचा मुक्काम बॉटम ब्रॅकेट. क्रँक, म्हणजे पॅडलचा दांडा, जिथे फिरतो ती जागा. इथे मापांचा गोंधळ आहे आणि तो उद्योगानेच घातलेला आहे. दोन फ्रेमची रुंदी तंतोतंत सारखी, 86.5 मिलिमीटर, पण एकीचं भोक 41 मिलिमीटरचं आणि दुसरीचं 46. एकीचा ब्रॅकेट दुसरीत जात नाही. या दोन्ही प्रकारांत बेअरिंगचे कप आट्यांशिवाय, नुसते दाबून बसवतात. भोक जराही वाकडं किंवा अंडाकृती असलं, तर दोन्ही बाजूंची बेअरिंग एका रेषेत येत नाहीत आणि प्रत्येक पॅडलला कुरकुर सुरू होते. निवड हातात असेल तर आट्यांची फ्रेम घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. जुन्या, 68 मिलिमीटरच्या आट्यांत एकच गोष्ट ध्यानात ठेवायची: चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात. तिथे जोर लावून चुकीच्या दिशेने फिरवलं तर नवी फ्रेम पहिल्याच दिवशी खराब होते.

(दृश्य: फोर्कची नळी, तिच्यावर गुंडाळलेली टेप, टेपवर पेन्सिलची रेघ.)

आणि आता ते काम, ज्यात दुसरी संधी नाही. फोर्कची उभी नळी लांबच लांब येते. ती आपल्या उंचीप्रमाणे कापावी लागते. कापलेलं परत जोडता येत नाही. म्हणून आधी बेअरिंग, उंची भरून काढणाऱ्या रिंगा म्हणजे स्पेसर, आणि हँडल धरणारा स्टेम, सगळं कोरडंच बसवून बघायचं. बसायची सवय अजून ठरलेली नसेल तर नळी थोडी लांब ठेवायची आणि जास्तीचे स्पेसर स्टेमच्या वर चढवायचे. पुढे कधीही अजून कापता येते. अंतिम कापाच्या वेळीही स्टेमच्या वर एक छोटा स्पेसर ठेवायचा, म्हणजे स्टेमची पकड नळीवर पूर्ण उंचीभर बसते. नळीचं टोक त्या स्पेसरच्या वरच्या कडेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर खाली राहिलं पाहिजे. तेवढी फट नसेल तर वरचं झाकण, ज्याच्या बोल्टने बेअरिंग आवळतात, ते नळीवरच टेकतं, आणि बेअरिंग कितीही आवळलं तरी ढिलंच राहतं.

पाती बारीक दातांची. काप सरळ यावा म्हणून करवतीला वाट दाखवणारा साचा लावायचा. रेघेवर टेप घट्ट गुंडाळायची, नाहीतर शेवटचे तंतू फाटून निघतात. पाण्याचा फवारा चालू ठेवायचा, तोंडावर मास्क हवाच. कार्बनची धूळ फुप्फुसांत जाता कामा नये. ती फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. करवत सावकाश, वजन न टाकता. शेवटच्या काही फेऱ्यांत तर ती नुसती सरकवायची. मग कडा बारीक पॉलिश पेपरने बाहेरून आत घासून घ्यायची.

कापलेल्या नळीत विस्तारणारा प्लग बसवतात. पोलादी फोर्कमध्ये चांदणीच्या आकाराचा नट ठोकतात, तो कार्बनमध्ये कधीच ठोकायचा नाही, तो आतली भिंत ओरबाडतो. प्लग दोन कामं करतो. वरच्या झाकणाच्या बोल्टला आधार देतो आणि स्टेम जिथे नळी आवळतो तिथे तिला आतून टेकू देतो. म्हणून तो बरोबर स्टेमच्या उंचीवर बसला पाहिजे.

(दृश्य: टॉर्क पान्याची खूण, बोल्ट, आणि हलकासा ‘टक’.)

स्टेमवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: 5 न्यूटन मीटर. बोल्ट किती जोराने आवळायचा, त्याचं हे माप, म्हणजे टॉर्क. काहींवर 4, काहींवर 6. मागच्या चाकावरच्या कॅसेटच्या, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांच्या, रिंगला 40 लागतात. दोन्ही बोल्ट एकाच मनगटाने आवळायचे असतात आणि मनगटाला हा फरक कळतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हा जोर मोजून आवळणारा टॉर्क पाना ही चैन नव्हे, कार्बनच्या कामात तो पहिला विकत घ्यायचा. बोल्ट एकदम आवळायचा नाही. एक थोडा, समोरचा थोडा, आळीपाळीने.

तरी सीटपोस्ट खाली सरकतो अशी तक्रार नेहमी ऐकू येते, आणि त्यावर उपाय म्हणून लोक आणखी आवळतात. तिथेच तडा जातो. कार्बनसाठी दाणेदार पेस्ट मिळते. तिच्यातले बारीक कण दोन पृष्ठभागांमध्ये पकड निर्माण करतात आणि कमी जोरात पोस्ट जागचा हलत नाही. कार्बनच्या पोस्टला ग्रीस लावली तर उलटच होतं.

केबल आणि ब्रेकच्या नळ्या फ्रेमच्या आतून जातात. क्रँक बसवण्याआधीच त्या ओवून घ्याव्यात, कारण बॉटम ब्रॅकेटचं भोक मोकळं असतं तेव्हा बोटं आत जातात. नळीवर फोमचं आवरण चढवलं की खडखड होत नाही. हायड्रॉलिक ब्रेकला मिनरल ऑइल लागतं की डॉट फ्लुइड, हे निर्माता ठरवतो. एकात दुसरं गेलं तर आतली रबरी सीलं खराब होतात. चेनची लांबी आणि गिअर जुळवणं यांत कार्बनचं वेगळं काही नाही, ते इतर कुठल्याही सायकलसारखंच.

पहिल्या काही फेऱ्यांनंतर प्रत्येक बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासायचा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवायची. हँडलजवळ टकटक जाणवली तर हेडसेट ढिला आहे. अशा वेळी आधी स्टेमचे बोल्ट सैल करायचे, मग वरचं झाकण थोडं आवळायचं, आणि शेवटी स्टेम पुन्हा पाचवर. स्टेम आवळलेला असताना झाकण पिळून काहीही साधत नाही.

आणि कधी पडझड झालीच, तर वरून रंग शाबूत दिसतो म्हणून निघून जाऊ नका. ॲल्युमिनियम वाकतं, पोचा दिसतो. कार्बन आतून सुटतो आणि बाहेरून तसाच दिसत राहतो. जोराचा धक्का बसला असेल तर स्टेम काढून फोर्कची नळी बघायची, खास करून जिथे स्टेमची पकड होती ती जागा आणि खाली, जिथे नळी फोर्कच्या पायांना मिळते ती. तिथे रेघ दिसली, नखाला काही अडकलं, किंवा नुसती शंका आली, तरी तो फोर्क चालवायचा नाही. जाणकाराकडून अल्ट्रासाउंड तपासणी करून घ्या, नाहीतर सरळ नवा फोर्क बसवा.