सोनोग्राफी नॉर्मल आली, तरी अंग बाहेर का येते?

नमस्कार. परभणी, हिंगोली आणि बीडकडच्या प्रेक्षक भगिनी सातत्याने एकच प्रश्न लिहून पाठवत आहेत : "मॅडम, सोनोग्राफी नॉर्मल आहे, पण बसले की अंग खाली येते. मग खरे काय?" अंग बाहेर येणे म्हणजे गर्भाशय, मूत्राशय किंवा गुदाशय योनीवाटे खाली सरकणे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ती सोनोग्राफी पोटावरून, लघवी तुंबवून आणि उताणे झोपवून केलेली असते. तिच्यात गर्भाशयातील गाठी आणि अंडाशय दिसतात. अवयव खाली सरकतात का, हे त्या तपासणीत पाहिलेलेच नसते.

अंग बाहेर येण्याचे निदान मुळात डॉक्टरांनी हाताने तपासून होते, सोनोग्राफी ही त्याला जोड. या वेगळ्या सोनोग्राफीत पोटासाठी वापरतात तोच वक्र प्रोब (अंगावर टेकवायचे उपकरण) आवरण चढवून योनिमुखावर बाहेरूनच टेकवतात. आत काहीही घालत नाहीत. मग जघनास्थी (ओटीपोटाच्या पुढचे हाड), मूत्राशय, योनी आणि गुदाशय एकाच चित्रात दिसतात. जघनास्थीच्या खालच्या कडेपासून आडवी रेषा धरून, बाई खाली जोर करत असताना मोजमाप होते. मूत्राशय त्या रेषेच्या १० मिलिमीटर किंवा अधिक खाली आले, अथवा गुदाशयाचा फुगवटा १५ मिलिमीटर किंवा अधिक खाली आला, तर ते लक्षणीय मानतात.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे जोर करणे. शौचाला कुंथतो तसा जोर किमान ६ सेकंद टिकवावा लागतो. दोन सेकंदांत श्वास सोडला, तर अवयव पूर्ण खाली येण्याआधीच चित्र टिपले जाते आणि अहवालात दोष सापडत नाही.

जोर करताना बाईने लाजेपोटी खालचे अंग आवळून धरले, तरीही तेच होते. ऊसतोडीला जाणाऱ्या एक मावशी तपासणीला आल्या होत्या आणि सासूबाई पडद्यापाशीच उभ्या होत्या. मावशी हळूच म्हणाल्या, "बाई, लघवी सुटंल ना." मी सासूबाईंना बाहेर बसवले आणि म्हटले, "सुटू द्या मावशी, खाली कागद अंथरलाय." त्यानंतर त्यांनी मोकळेपणाने जोर केला आणि तोवर जागेवर दिसणारे मूत्राशय पडद्यावर सरळ खाली उतरले. तपासणाऱ्याने घाई करून बाईला दोष देणे मला मुळीच मान्य नाही. दार लावून घेणे आणि धीर देणे हा तपासणीचाच भाग आहे.

म्हणूनच या तपासणीआधी लघवी करून या. भरलेल्या मूत्राशयामुळे अवयव पूर्ण खाली येत नाहीत. दिवसभर खुरपणी केल्यावर त्रास वाढत असेल, तर तेही सांगा. झोपून काही दिसले नाही, तर उभे राहूनही तपासता येते.

काही जणी लिहितात की, पिशवी काढून टाकली की प्रश्न मिटेल. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढण्याचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला, तेव्हापासून हे वाक्य ऐकले की मला अस्वस्थ वाटते. खाली येणारा अवयव मूत्राशय असेल, तर केवळ पिशवी काढून ते वर जात नाही. शिवाय पिशवी काढल्यानंतर योनीचा वरचा भागही खाली येऊ शकतो. मागून येणारा फुगवटा गुदाशयाचा आहे की आतड्याचा, हे हाताने नेहमीच ओळखता येत नाही. सोनोग्राफीत ते दिसते. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचा स्नायू हाडापासून सुटला असेल, तर त्रिमितीय सोनोग्राफीत तेही कळते. अशा बाईला शस्त्रक्रियेनंतर त्रास पुन्हा होण्याचा धोका अधिक असतो, त्यामुळे ही माहिती शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधी तिच्या हाती असली पाहिजे.