नकार देणाऱ्यांचं राष्ट्रीय स्मारक

मंडळी,

वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या इमारतीच्या पश्चिमेला एका चौकात पांढऱ्या संगमरवराचं ४४ फूट उंचीचं एक स्मारक उभं आहे. त्याचं नाव ‘पीस मॉन्युमेंट’. नाव ऐकून वाटतं, चला, या राजधानीत शांततेच्याही वाट्याला थोडा दगड आला म्हणायचा. जवळ जाऊन कोरलेली अक्षरं वाचली की उलगडा होतो. यादवी युद्धात कामी आलेल्या नौसैनिकांचं ते स्मारक आहे. ॲडमिरल डेव्हिड पोर्टर यांनी पुढाकार घेतला आणि १८७७-७८ मध्ये ते उभं राहिलं. माथ्यावर दोन स्त्रिया आहेत. शोकमूर्ती तोंड झाकून इतिहासमूर्तीच्या खांद्यावर रडते आहे आणि इतिहासमूर्तीच्या हातातल्या पाटीवर लिहिलंय, देश जगावा म्हणून हे मेले. खाली दर्शनी बाजूला विजयदेवता. शांतिदेवता मागच्या अंगाला, कॅपिटॉलकडे तोंड करून. शिल्पकाराच्या मनात काय होतं देव जाणे, पण तिला तिथे उभं केलंय हे मला आवडतं. युद्धाचे ठराव समोरच्याच इमारतीत होतात.

मरण पावलेल्या सैनिकांचं स्मारक असू नये असं मी म्हणत नाही. असलंच पाहिजे. माझा मुद्दा एवढाच आहे की ज्या शहरात प्रत्येक मोठ्या युद्धाला जागा मिळाली, त्या शहरात ते युद्ध होऊ नये म्हणून धडपडलेल्यांना राष्ट्रीय म्हणावं असं एकही स्मारक नाही. व्हिएतनामची भिंत १९८२ ची, कोरियाचे १९ पोलादी सैनिक १९९५ चे, दुसऱ्या महायुद्धाचं प्रचंड स्मारक २००४ चं. शाळेची सहल येते, मुलं एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातात आणि त्यांच्या मनात एक साधा हिशेब पक्का होतो. देशावर प्रेम म्हणजे लढणं. विरोध करणारेही होते, त्यांनी किंमत मोजली, त्यातले बरेच पुढे बरोबर ठरले, यातलं काहीही त्या वाटेवर दिसत नाही.

एक अपवाद सांगायला हवा. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या २०११ च्या स्मारकाच्या भिंतीवर जी वचनं कोरली आहेत, त्यात एक व्हिएतनाम युद्धाबद्दलचं आहे. व्हिएतनाममधल्या युद्धाला माझा विरोध आहे, कारण माझं अमेरिकेवर प्रेम आहे, असं ते म्हणतात. पण तिथे जाणारे लोक नागरी हक्कांच्या नेत्याला भेटायला जातात. युद्धविरोध तिथे पाहुण्यासारखा येऊन बसलाय.

यावर हमखास येणारं उत्तर असतं, मग शांततेचं एखादं उद्यान करा की! तेही करून झालंय. १९८७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, ‘नॅशनल पीस गार्डन’ला कायद्याने परवानगी दिली. पोटोमॅक नदीच्या काठावर हेन्स पॉइंटला जागाही ठरली. पुढे काय झालं? पैसे जमले नाहीत, मुदत संपून परवानगी गेली, उद्यान झालंच नाही. शेजारी व्हिएतनामच्या भिंतीची गोष्ट ठेवून पाहा. तिच्यासाठी सरकारने एक पैसाही दिला नव्हता. पावणेतीन लाखांहून अधिक लोकांनी, शिवाय संस्था-संघटनांनी मिळून सुमारे ८४ लाख डॉलर दिले. मोठ्या भांडणातूनही ते काम पार पडलं. माया लिन ही २१ वर्षांची विद्यार्थिनी, तिचा काळ्या ग्रॅनाइटचा आराखडा काही माजी सैनिकांना शरमेचा डाग वाटला होता. तरी भिंत उभी राहिली, कारण तिच्यावर सुमारे ५८ हजार नावं होती आणि प्रत्येक नावामागे एक घर होतं. बागेत कुणाचं नाव होतं? फुलं, पाणी, बाकडी. त्याला कुणाचा विरोध नव्हता, आणि विरोध नव्हता म्हणूनच कुणाला पदरमोडही करावीशी वाटली नाही, असा माझा तर्क आहे.

तेव्हा पहिली गोष्ट, हे स्मारक शांततेचं नको. माणसांचं हवं. कुणी, कोणत्या युद्धाला, कोणत्या तारखेला नकार दिला आणि त्याचं पुढे काय झालं, हे दगडावर यायला हवं. कबुतरं आणि ऑलिव्हच्या फांद्या खूप झाल्या.

कशा प्रकारची माणसं, ते सांगतो. १९१८ साली दक्षिण डाकोटातून चार हटराइट शेतकरी सक्तीच्या भरतीत पकडून नेले गेले. जोसेफ, मायकेल आणि डेव्हिड हॉफर हे तीन भाऊ आणि त्यांचे नातेवाईक जेकब विप्फ. हटराइट हा ख्रिस्ती पंथ शस्त्र हाती धरत नाही. या चौघांनी लष्करी गणवेश घालायलाही नकार दिला. लष्करी न्यायालयाने वीस-वीस वर्षांची शिक्षा ठोठावून त्यांना अल्काट्राझ बेटावरच्या लष्करी तुरुंगात पाठवलं. तिथल्या ओल्या, अंधाऱ्या तळघरात त्यांना साखळ्यांनी बांधून ठेवलं. अंगावर फक्त आतले कपडे आणि शेजारी गणवेश ठेवलेला. थंडी सोसवेना तर घाला म्हणून. त्यांनी घातला नाही. नोव्हेंबरात त्यांना कॅन्ससमधल्या लेव्हनवर्थच्या तुरुंगात हलवलं. ११ नोव्हेंबरला महायुद्ध संपलं होतं, हे लक्षात घ्या. २९ नोव्हेंबरला जोसेफ गेला, त्यापाठोपाठ काही दिवसांत मायकेल. जोसेफची बायको मारिया त्याचं अखेरचं दर्शन घ्यायला गेली, तेव्हा शवपेटीतल्या नवऱ्याच्या अंगावर लष्करी गणवेश चढवलेला होता. जिवंतपणी जो त्याने घातला नाही, तो मेल्यावर घातला. अमेरिकी लष्कराने त्या तुरुंगात एक माणूस हरवला असेल, पण तो हरला नव्हता, एवढंच मी म्हणेन.

आता दुसऱ्या महायुद्धातले छत्तीस जण. सदसद्विवेकाला स्मरून लढायला नकार देणाऱ्यांसाठी सरकारने ‘सिव्हिलियन पब्लिक सर्व्हिस’ ही व्यवस्था केली होती. सुमारे बारा हजार जणांनी जंगलात, मनोरुग्णालयांत बिनपगारी कामं केली. त्यांच्यातल्या छत्तीस जणांनी मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीझ यांच्या प्रयोगासाठी उपाशी राहायचं कबूल केलं. युद्धानंतर युरोपातल्या उपासमार झालेल्या लोकांना कसं सावरायचं, हे शोधायचं होतं. १९४५ मध्ये सहा महिने दिवसाला दोनदा तुटपुंजं जेवण, ब्रेड, बटाटे, सलगम, कोबी असलं काहीतरी, आणि शिवाय आठवड्याला बावीस मैल चालणं. एक चतुर्थांश वजन गेलं. ताटं चाटायची, पाककृतींची पुस्तकं जमवून वाचत बसायचं, अशी अवस्था झाली. बाहेरच्या जगात या लोकांना भित्रे म्हणत. मला तर शब्दच सुचत नाही.

संसदेतले लोकही यायला हवेत. जेनेट रँकिन ही काँग्रेसमध्ये निवडून आलेली पहिली स्त्री. १९१७ च्या एप्रिलमध्ये पहिल्या महायुद्धात उतरण्याविरुद्ध प्रतिनिधीगृहात ५० मतं पडली, त्यातलं एक तिचं. ७ ऑगस्ट १९६४ ला टोंकिन आखाताचा, म्हणजे अध्यक्षांना व्हिएतनाममध्ये लष्करी बळ वापरायची मोकळीक देणारा ठराव प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध शून्य असा पार पडला, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. ते दोघे म्हणजे वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रूनिंग. ज्या दोन हल्ल्यांच्या आधारावर ठराव आला, त्यातला दुसरा झालाच नव्हता, हे पुढे उघड झालं. तोवर १९६८ उजाडलं होतं आणि दोघांचीही सिनेटमधली जागा गेली होती. समाजवादी नेते युजीन डेब्स यांचं तर विचारूच नका. १९१८ मध्ये ओहायोतल्या कँटनला युद्धाविरुद्ध भाषण केलं म्हणून दहा वर्षांची शिक्षा, आणि १९२० ची अध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी तुरुंगातूनच लढवली. नऊ लाखांवर मतं पडली.

आता अडचणीची गोष्ट. युद्धाला विरोध केला म्हणजे माणूस आपोआप वंदनीय होतो का? ओहायोचेच क्लेमंट व्हॅलँडिगहॅम घ्या. यादवी युद्धाचे ते कडवे विरोधक, १८६३ मध्ये त्यासाठी अटक आणि हद्दपारी झाली. किंमत मोजली की नाही? मोजली. पण सुमारे चाळीस लाख माणसं गुलाम राहिली तर त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग १९४१ मध्ये महायुद्धात पडू नका म्हणून गावोगाव सांगत फिरला आणि ११ सप्टेंबरला डे मॉइनच्या सभेत ज्यू लोक देशाला युद्धात ढकलताहेत म्हणून मोकळा झाला. या दोघांची नावं त्या दगडावर येता कामा नयेत. त्यांना युद्ध नको होतं, कारण दुसऱ्या कुणाच्या तरी जिवाची त्यांना पर्वा नव्हती. मी चाळणी लावायची ती इथे लावेन. युद्ध हरलं की जिंकलं, विरोध बरोबर ठरला की चूक, यावर लावणार नाही.

मग रँकिनबाईंचं १९४१ चं मत? पर्ल हार्बरच्या दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबरला, ३८८ विरुद्ध १. तो एक म्हणजे पुन्हा रँकिन. बाहेर पडताना गर्दी अंगावर आली, म्हणून त्या टेलिफोनच्या खोक्यात शिरल्या आणि पोलिसांनी येऊन त्यांना सोडवलं. ते मत चुकीचं होतं असं म्हणणारे आजही पुष्कळ आहेत आणि त्यांचा मुद्दा हलका नाही, कारण आदल्याच दिवशी जपानने हल्ला केला होता. तरी मी त्यांचं नाव दोन्ही तारखांसह कोरावं असं म्हणेन. शेजारी मतांचे आकडे. लोकांनी स्मारकासमोर उभं राहून वाद घालावा. वाद घालायला जागा देणारं स्मारक वॉशिंग्टनमध्ये तसंही एखाददुसरंच सापडेल.

दुसऱ्या देशांनी हे कसं केलं तेही थोडक्यात. लंडनच्या टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमध्ये १९९४ पासून एक ओबडधोबड शिळा आहे, मारायला नकार देण्याचा हक्क ज्यांनी मिळवला आणि जे तो टिकवताहेत त्यांच्यासाठी. दरवर्षी १५ मेला तिथे लोक जमतात. व्हिएन्नामध्ये २०१४ साली नाझी लष्करी न्यायाला बळी पडलेल्यांचं स्मारक झालं. हिटलरच्या सैन्यातून पळून गेलेले त्यात प्रामुख्याने येतात. जागा निवडली ती बालहाउसप्लाट्झ, ऑस्ट्रियाच्या चान्सलरच्या कचेरीसमोरची. पळपुटे म्हणून ज्यांना हिणवलं गेलं, त्यांना सत्तेच्या दारात आणून बसवलं. लंडनच्या शिळेपेक्षा मला हे धाडस अधिक भावतं.

अमेरिकेतही प्रयत्न चालू आहेत. मायकेल नॉक्स या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी २००५ मध्ये ‘यूएस पीस मेमोरियल फाउंडेशन’ स्थापन केलं. राजधानीत स्मारक व्हावं हे उद्दिष्ट. या संस्थेने आधी दगड न मागता नोंदी ठेवायला सुरुवात केली, हे फार शहाणपणाचं झालं. ‘यूएस पीस रजिस्ट्री’मध्ये युद्धाविरुद्ध उघडपणे काय केलं याची माणसागणिक नोंद होते. नुसती सहानुभूती चालत नाही. २००९ पासून ते शांतता पुरस्कारही देतात. पहिला सिंडी शीहान यांना मिळाला. त्यांचा मुलगा केसी इराकमध्ये मारला गेला, त्यानंतर त्या युद्धाविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या.

आता सगळं घोडं अडतं ते कायद्यात. १९८६ च्या ‘कमेमोरेटिव्ह वर्क्स ॲक्ट’नुसार वॉशिंग्टनमध्ये संघराज्याच्या ठरावीक जमिनींवर स्मारक उभारायचं तर काँग्रेसचा स्वतंत्र कायदा लागतो. त्यानंतर जागेला आणि आराखड्याला ललितकला आयोग आणि नियोजन आयोगाची मान्यता लागते. बांधकामाचे सगळे पैसे हातात हवेत, वर देखभालीसाठी दहा टक्के वेगळे, आणि मुदत सात वर्षांची. नॅशनल मॉल, म्हणजे ही मोठी स्मारकं जिथे आहेत ती लांबलचक हिरवळ, तिचा मधला भाग तर २००३ पासून पूर्ण झालेली कलाकृती म्हणून नव्या स्मारकांना बंदच आहे. हे सगळं जमेल. खरी गोम पुढे आहे. व्यक्तीचं स्मारक करायचं तर तिच्या मृत्यूला पंचवीस वर्षं झालेली हवीत, आणि गटाचं करायचं तर गटातला शेवटचा माणूस जाऊन पंचवीस वर्षं. व्हिएतनामच्या भरतीला नकार देणारे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. १४ सप्टेंबर २००१ ला अध्यक्षांना लष्करी बळ वापरायची मोकळीक देणारा ठराव प्रतिनिधीगृहात ४२० विरुद्ध १ असा मंजूर झाला. ते एकमेव विरोधी मत देणाऱ्या बार्बरा ली पुढेही राजकारणात सक्रिय राहिल्या. म्हणजे नकार देणाऱ्यांचं स्मारक कायद्याच्या अक्षराने पाहिलं तर निदान आणखी अर्धं शतक अशक्य.

पण त्याच कायद्यात युद्धस्मारकांसाठीही एक अट आहे. युद्ध संपून दहा वर्षं झाली पाहिजेत. दहशतवादविरोधी युद्धाचं स्मारक मागितलं गेलं तेव्हा ते युद्ध संपलेलंच नव्हतं. काँग्रेसने २०१७ मध्ये या अटीतून सूट दिली, आणि २०२१ मध्ये तर मॉलच्या त्या बंद भागात जागा द्यायलाही मान्यता दिली. चालू युद्धासाठी नियम वाकवता येत असेल, तर त्या युद्धाला ‘नको’ म्हणणाऱ्यांसाठीही तो वाकवता येईल. ज्या खासदाराला हे विधेयक मांडायचं असेल, त्याने २०१७ चा तो कायदा समोर घ्यावा आणि सूट देणारी कलमं तशीच्या तशी उतरवावीत. मसुदा आयता आहे.