मुलांच्या टेबलावरचा एकटा

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी मला ‘मंडळाची पुढील वाटचाल’ हा विषय दिला होता. परंतु कोजागिरीच्या रात्री घरी परतताना माझा नातू गाडीत जे बोलला, ते काही केल्या मनातून जात नाही. तो अभिमानाने म्हणाला, “आजोबा, तो पुण्याहून आलेला मुलगा आता मराठी बोलत नाही. आम्ही त्याला सुधारलं.” हे त्याने अर्थातच इंग्रजीत सांगितले, मराठी माझी. त्यावर मी घरी बराच आरडाओरडा केला, तोही इंग्रजीत, हे सूनबाईंनी नंतर शांतपणे दाखवून दिले.

गणपतीत याच मुलाने “अजून एक मोदक मिळेल का?” असे विचारले, तेव्हा टेबलावरची बाकीची सात मुले हसली होती. कोजागिरीला त्याने मसाला दुधाचा रिकामा पेला नुसता पुढे केला आणि म्हणाला, “मोर.”

डेमन सेंटोला या अभ्यासकाचा 2010 साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यात 1528 लोकांना इंटरनेटवर अनोळखी सोबती जोडून दिले होते. काहींचे सोबती एकमेकांशीही जोडलेले, काहींचे विखुरलेले. आरोग्यविषयक संकेतस्थळावर नाव नोंदवण्याचे प्रमाण घट्ट विणीच्या गटांत सुमारे 54 टक्के भरले, विखुरलेल्यांत 38. बातमी एकाच्या तोंडून कळली तरी पुरते. सवय उचलायला मात्र तीच गोष्ट आजूबाजूचे एकाहून अधिक जण करताना दिसावे लागतात. थोरलीच्या लग्नात ‘संगीत’ नको म्हणून मी फुरंगटून बसलो होतो. पुढे आपल्यातल्याच चार घरांत ते झाले, आणि धाकटीच्या वेळी गुडघ्याला पट्टा बांधून सर्वांत जास्त वेळ मीच नाचलो.

नव्याने आलेल्या कुटुंबांची मुले ‘मिसळावीत’ म्हणून आपण प्रत्येक टेबलावर एकेक वाटून देतो, आणि आपण जुनी मंडळी मात्र वीस वर्षांपूर्वीच्याच कोपऱ्यात बसतो. सातांपुढे एकट्याचा काय निभाव लागणार?

दिवाळीच्या फराळाला नव्याने आलेली ती तीन-चार मुले एकाच टेबलावर बसवावीत, असे मी समितीला सुचवणार होतो. त्यांची मराठी त्यामुळे कदाचित टिकेल. पण मग माझ्या नातवाच्या कानावर ती पडणार कधी? बसण्याचा तक्ता अजून माझ्या खिशात कोराच आहे.