तारा, सोडा आणि जर्मनचं भगुलं

नमस्कार श्रोतेहो.

गणपती जवळ आले की मला दोन-चार फोन हमखास येतात. वाजवणारी तरुण मुलं असतात. "सर, बेसचा आवाज पार बसलाय. गिटार बदलू का?" मी विचारतो, तारा कधी बदलल्या होत्या? पलीकडे शांतता. मग हळूच उत्तर येतं, "गिटार घेतली तेव्हाच्याच आहेत." गिटार कधी घेतली? "बारावीत होतो तेव्हा." आता हा मुलगा नोकरीला लागून तीन वर्षं झालेली असतात!

म्हणून आज बेस गिटारच्या तारांबद्दल बोलू. कुठल्या घ्याव्यात, आणि घेतल्यावर त्यांचं काय करावं.

बेसला चार तारा. जाड बाजूकडून मोजलं तर ई, ए, डी, जी. साध्या गिटारच्या जाड चार तारांचे जे स्वर, तेच, पण एक सप्तक खाली. सगळ्यात जाड ई, तिची सेकंदाला साधारण 41 कंपनं. आता गंमत ऐका. तुम्ही आत्ता ज्या लहानशा रेडिओवर मला ऐकताय, त्याच्या स्पीकरला हा 41 चा स्वर झेपतच नाही. तरी गाण्यातला बेस तुम्हाला ऐकू येतो. कसा? तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे स्वर निघत असतात. स्पीकर तेवढेच वाजवतो आणि खालचा स्वर कान मनानं भरून घेतो. तार जुनी झाली की आधी जातात ते हे वरचे स्वर. म्हणजे तार मेली की तिला ऐकवणारेच गेले. लहान स्पीकरवर तुमचा बेस मग गायबच होतो.

आता निवड. दुकानात तारा जाडीवर मागायच्या. "45-105" म्हणालात की दुकानदाराला कळतं. सगळ्यात बारीक तार इंचाच्या हजार भागांतले 45 भाग, सगळ्यात जाड 105. नव्यानं शिकणाऱ्यानं हाच सेट घ्यावा, किंवा 45-100. पुन्हा सांगतो, 45-105 किंवा 45-100. आणि गिटारची लांबी बघा. घोडीपासून, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात तिथून, मानेच्या टोकाच्या पट्टीपर्यंत, म्हणजे नटपर्यंत, तारेचा मोकळा भाग मोजा. अमेरिकेतल्या लिओ फेंडर या गिटार बनवणाऱ्यानं 1951 मध्ये आपला बेस बाजारात आणला तेव्हा तो 34 इंच ठेवला होता. आजही बहुतेक बेस 34 इंचीच असतात. काही आखूड, 30 इंची असतात. 30 इंचाच्या तारा 34 इंची बेसला पुरत नाहीत. ब्लाउजपीस मोजून आणतो ना आपण, तसंच.

दुसरं म्हणजे तारेवरची गुंडाळी. बोटाला खरखरीत लागते ती राउंडवाउंड. आवाज खणखणीत. आज नव्वद टक्के मुलं हीच लावतात, असा माझा आपला अंदाज. गुळगुळीत लागते ती फ्लॅटवाउंड. तिच्यावर चपट्या पट्टीचे वेढे असतात, आवाज गोल आणि दबका. भावगीताला, गझलेला, जुन्या हिंदी गाण्यांना मला फ्लॅटवाउंडच आवडते. अमेरिकेत डेट्रॉइटला मोटाउन कंपनीच्या रेकॉर्डिंगला जेम्स जेमर्सन नावाचा बेस वाजवणारा होता. तो जाड फ्लॅटवाउंड लावायचा आणि तुटल्याशिवाय तार बदलायचाच नाही. बेस वाजवणारे जगभर त्याला गुरू मानतात. तेव्हा जुनी तार म्हणजे वाईट तार, असं मी म्हणणार नाही. फ्लॅटवाउंड मुरते, लोणच्यासारखी. राउंडवाउंड मुरत नाही, नासते. हा फरक लक्षात ठेवा.

तर, राउंडवाउंड नासते. यावरून आठवलं.

1994 चा गणेशोत्सव. मी पुण्यातल्या एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचो. कऱ्हाडच्या अलीकडे एका गावात कार्यक्रम होता. एका मेटाडोरमध्ये आम्ही चौदा जण, वर वाद्यं, आणि पाऊस असा की विचारू नका. त्याआधी ओळीनं सहा रात्री कार्यक्रम झालेले, सहाही गळक्या मांडवात. माझ्या तारा पार मेल्या होत्या. ओल्या पोत्यावर काठी मारली की जसा आवाज येतो ना, तसा. आमचे मालक म्हणाले, "अरे, बेस वाजवतोयस की गादी झोडतोयस?" नवा सेट आणायचा तर मुंबईला धोबी तलावला जायचं, आणि माझ्या दोन नाईटचे पैसे घातले तरी एक सेट येत नव्हता.

कुणीतरी सांगितलं होतं, तारा पाण्यात उकळल्या की जिवंत होतात. शाळेच्या मागं मंडळाचा महाप्रसाद शिजत होता. तिथले आचारी साठीचे असतील, डोक्याला टॉवेल, सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं. मी गेलो. म्हटलं, "मामा, एक भगुलं मिळेल का? पाणी उकळायचंय."

"च्या पायजे व्हय? च्या हाय की तयार."

"चहा नको मामा. तारा उकळायच्यात."

मामांनी माझ्या हातातली ती चार वेटोळी बघितली. मग माझ्याकडे बघितलं. आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "पाव्हणं, मीठ टाकायचं का नगं?"

(आता भगुलं म्हटलं की माझी मुंबईची भाची हसते. तिच्याकडे टोप म्हणतात. टोप घाला डोक्यावर! भगुलं म्हटलं की भांड्याचं पोट डोळ्यापुढे येतं. असो.)

तारा टाकल्या. पाच-सात मिनिटांत पाण्यावर तवंग आला, राखाडी, चिकट. तो मळ माझ्याच बोटांचा. घाम, तेल, मेलेली कातडी, सगळं त्या वेढ्यांच्या फटींत जाऊन बसतं. मामा वाकून बघत होते. म्हणाले, "ह्यो त्येलकटपणा हाय. नुस्त्या पाण्यानं न्हाय जायाचा." आणि मी नको म्हणेपर्यंत धुण्याच्या सोड्याची मूठ आत. भगुलं होतं जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं. पुढं काय झालं ते ज्यांच्या घरी जर्मनची भांडी आहेत त्यांना सांगायला नको. तारा लखलखीत निघाल्या आणि भगुलं आतून काळंठिक्कर.

तारा फडक्यानं पुसल्या, चुलीच्या उबेला धरून कोरड्या केल्या, चढवल्या. रात्री पहिल्याच गाण्याला मालकांनी वळून बघितलं. पियानोची खालची पट्टी वाजावी तसा आवाज! माझी छाती ही एवढी फुगली.

मध्यंतरानंतर लावणी. ढोलकीनं तोडा संपवून थांबायचं, क्षणभर सगळं शांत, आणि मग समेवर माझी मोकळी ई. मी वाट बघतोय, ढोलकी थांबली, मी बोट मारलं आणि फाट्! ई तुटली. खुंटीपाशी, जिथे तिला मी दुसऱ्यांदा वाकवलं होतं, बरोबर तिथे. आणि एक तार गेली की मानेवरचा ताण उतरतो, म्हणून राहिलेल्या तिन्ही तारा किंचित चढतात. कीबोर्डवाला माझ्याकडे असा बघायला लागला, जशी मी त्याची चप्पल चोरली आहे. उरलेला कार्यक्रम मी तीन तारांवर रेटला. खालचे सगळे स्वर एक सप्तक वर घेतले. लोकांच्या शिट्ट्या तशाच. कुणाला काही कळलं नाही असं मी धरून चाललो.

कार्यक्रम संपला. मी तारा पुसतोय, तर मागून मामा आले, हातात ते काळं भगुलं. मला वाटलं, आता भांडण. मामा म्हणाले, "पाव्हणं, मधीच काय झालं वो? बसल्या जागंवरनं सतरंजी वडल्यागत झालं."

ज्या माणसाला बेस हा शब्द ठाऊक नव्हता, त्याला ई गेल्याचं कळलं होतं. हल्ली मिरवणुकीत भिंतीएवढे स्पीकर लावतात. छाती हादरते, खिडकीच्या काचा हादरतात, पण स्वर कुठला ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. त्या आवाजात चारही तारा तुटल्या तरी कुणाला कळणार आहे?

भगुल्याचे पैसे मालकांनी माझ्या नाईटमधून कापले.

बरं, वेळ भराभर चाललाय. तर तारा उकळाव्यात का? अडीनडीला चालतं, पण ती चमक चार-आठ दिवसच टिकते. धातू थकलेला असतो, पडद्यांवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, घासून खाचा पडलेल्या असतात, त्या उकळून भरत नाहीत. त्यापेक्षा झाकणाच्या नळीत स्पिरिट घेऊन तारा रात्रभर बुडवा, पुसून पूर्ण वाळवा, मगच चढवा. जवळ देवघरातला दिवा, उदबत्ती काहीही नको. आणि काढलेली तार पुन्हा चढवली की माझ्यासारखी तुटू शकते, म्हणून जुन्या सेटमधली एक बरी ई गिटारच्या पेटीत ठेवाच. पुन्हा सांगतो, एक ई पेटीत ठेवा.

याहून सोपा उपाय म्हणजे वाजवायच्या आधी हात धुवा आणि वाजवून झालं की तार पुसा. जुन्या सुती धोतराचा तुकडा उत्तम. तारेच्या खालूनही फिरवा. वाजवून झालं की तार पुसा, विसरू नका. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पेटीत सिलिकाच्या दोन पुड्या टाका. नव्या चपलांच्या खोक्यात येतात त्याच.

बदलताना चारही तारा एकदम काढू नका. चौघी मिळून मानेला पाऊणशे-ऐंशी किलोच्या ताणानं ओढत असतात. तो ताण एकदम सोडला की मान हलते, आणि मग पडद्यांवर तार खरखरते. एक काढा, एक लावा.

पाच तारांच्या बेसबद्दल बोलायचं राहिलंच, काचेपलीकडून खूण व्हायला लागली आहे. शेवटचं एकच. तार खुंटीच्या पुढे दोन-तीन इंच जास्त ठेवून कापायची, पण आधी काटकोनात वाकवायची आणि मग कापायची. आधी कापलीत तर वरचे वेढे सैल पडतात आणि नवी कोरी तार त्याच दिवशी भद्द वाजते. आधी वाकवा, मग कापा. नमस्कार.