शनिवारच्या आधीची पहाट

[दृश्य: अंधार. पत्र्याची शेड, एक बल्ब. पेटी आणि टाळ.]

पहाटेचे पाच वाजलेत. मागे खडखड ऐकू येतेय ती शेजारच्या गल्लीतल्या यंत्रमागांची. ती रात्रभर चालते. आम्ही ती आवाजातून काढलेली नाही, कारण इथली प्रार्थना तिच्यासकटच होते.

जमलेल्यांत दोघी विड्या वळणाऱ्या आहेत, एक काका सोलापूरजवळच्या नान्नज गावी द्राक्षबागेत मजुरीला जातात, आणि पुढे बसल्यात त्या निवृत्त नर्सबाई. मराठी भजन संपलं की कुणी तेलुगूत प्रार्थना धरतं, मधूनच कुणी कन्नडमध्ये. सोलापुरात यात कुणाला नवल वाटत नाही.

ख्रिस्ती प्रार्थनेत टाळ कसे, असं विचारणारे भेटतात. ख्रिस्तावर मराठी अभंग आणि भजनं लिहिणारे कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. देवाशी भांडावं, त्याच्यावर रुसावं, त्याला माय म्हणावं, ही सगळी सलगी अभंगाबरोबर ख्रिस्ती मंडळीत आली. आणि पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे, तिथं ती कुणाला शिकवावी लागत नाही.

उद्या शनिवार. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांच्या वसाहतीत पायांच्या जखमा धुवायला जायचंय. पण या तासाभरात त्या कामाचा विषय निघत नाही. उद्या कोण येणार, रिक्षाचं भाडं कोण देणार, बँडेज संपलंय, हे सगळं नंतर चहाला. नर्सबाई म्हणतात, “आधी त्याच्यापाशी बसले नाही, तर दुसऱ्याच पेशंटपाशी माझी चिडचिड सुरू होते. पहिला कसाबसा निभावतो.”

मार्कच्या शुभवर्तमानात, पहिल्याच अध्यायात, असाच एक प्रसंग आहे. कफर्णहूम गावात संध्याकाळी दारापुढे आजाऱ्यांची गर्दी लोटली. येशूनं पुष्कळांना बरं केलं. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तो उठला आणि एकांतात प्रार्थनेला निघून गेला. शिष्य शोधत आले: सगळे तुम्हाला शोधताहेत! तो परत त्या दाराशी गेला नाही, आसपासच्या गावांकडे निघाला. दारातली रांग सोडून देवापाशी जाणं आजच्या कुठल्याही कार्यकर्त्याला कामचुकारपणा वाटेल. आम्हाला तसं वाटत नाही.

[दृश्य: नान्नज. द्राक्षबाग, ऑक्टोबर. कात्रीचा आवाज.]

सोनाका हे द्राक्षाचं वाण या नान्नजचंच. आत्ता फळछाटणी चालू आहे. काका काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, मोजतात, कात्री लावतात आणि पुढं सरकतात. कापलेल्या टोकाकडे बघा, पाण्याचा थेंब जमतोय. मुळांनी वर चढवलेलं पाणी आहे ते. मागून दुसरा गडी डोळ्यांवर पेस्ट लावत येतो, म्हणजे सगळे डोळे एकदम फुटतात. एप्रिलच्या खरड छाटणीत काडी तयार करायची, ऑक्टोबरात तिच्यावर फळ धरायचं. वर्षातून दोनदा कात्री, तेव्हा कुठं घड. खाली पडलेल्या काड्या दोन दिवस हिरव्या दिसतात. तिसऱ्या दिवशी हातात घेतली की कट्‌कन मोडते.

मी वेल आहे, तुम्ही फाटे आहात, असं येशू योहानाच्या पंधराव्या अध्यायात सांगतो. काकांना या अध्यायावर प्रवचन लागत नाही. ते पडलेली काडी उचलून दाखवतात आणि म्हणतात, “हिला आता कितीबी पाणी घाला की.”

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये अहमदनगरला आलं आणि पुढं सोलापूरला. 1899-1900 च्या दुष्काळात अनाथ झालेली मुलं मिशननं सांभाळली. मेरी हार्डिंग यांनी इथं किंडरगार्टन काढलं ते त्यानंतर. ‘गुन्हेगार जमाती’ ठरवलेल्या लोकांची उमेदपूर वसाहतही मिशनकडे होती. सरकारी कायद्यानं कोंडलेल्या माणसांची सेवा, हा अवघड विषय आहे. तो इथं एवढाच.

[दृश्य: वसाहत. अंगण, प्लास्टिकचा टब, पाय.]

शनिवार. शहराच्या कडेची कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांची वसाहत. औषधं सहा महिने नाहीतर वर्षभर, फुकट मिळतात आणि आजार बरा करतात. मेलेली संवेदना मात्र परत येत नाही. चपलेत खडा गेला, डांबर तापलं, तरी तळव्याला पत्ता नसतो. जखम होते आणि माणूस तिच्यावरच चालत राहतो.

नर्सबाई टबात आधी स्वतःचं कोपर बुडवून पाणी बघतात, कारण ते गरम आहे की गार हे आजोबांना कळणार नाही. पाय वीसेक मिनिटं भिजतात. मग जखमेच्या कडेची जाड, पांढरी पडलेली कातडी हलक्या हातानं घासायची. पाय ओला असतानाच तेल चोळायचं, म्हणजे ओलावा आत राहतो. मग ड्रेसिंग. विडी वळणारी ताई बँडेज धरते. रोज पानं कापून तिची बोटं इतकी सरावलीत की पट्टीला सुरकुती पडत नाही.

“दुखलालंय का, आजोबा?”

“दुखलं असतं तर बरं झालं असतं की, बाई.”

दोघंही हसतात.

शेवटच्या जेवणाआधी येशूनं शिष्यांचे पाय धुतले. ते सांगताना योहान आधी एक वाक्य घालतो: आपण देवापासून आलो आणि देवाकडे जाणार, हे त्याला ठाऊक होतं. मग तो उठला, त्यानं कमरेला रुमाल बांधला आणि घंगाळात पाणी ओतलं. आमच्या मते सगळा उलगडा त्या आधीच्या वाक्यात आहे. आपण कुणाचे हे एकदा पक्कं झालं, की दुसऱ्याच्या पायाशी बसताना कमीपणा वाटायचं कारण उरत नाही.

आजोबांना बधिर पायांसाठीची नवी एम.सी.आर. (मऊ रबराची) चप्पल मिळाली. मऊ काळा तळ, खिळा एकही नाही. काही जखमा भरल्या, काही पावसाळ्यात पुन्हा उघडल्या. एका घरानं अजून दार उघडलेलं नाही.

पुढच्या शनिवारी काका येणार नाहीत, नान्नजला छाटणी उरलीय. त्यांच्या जागी दुसऱ्या ताई टब घेऊन येतील. पहाटेला मात्र दोघंही असतील.